मानेची गादी, जिमचं वजन आणि ८७.६ टक्के

८७.६ टक्के. मानेच्या दुखण्यावर कुठेही वाद सुरू झाला की हा आकडा कुणीतरी आणून टाकतोच. तो आला २०१५ साली 'स्पाइन' या नियतकालिकात छापलेल्या एका जपानी अभ्यासातून. नाकाशिमा आणि सहकाऱ्यांनी मानेची काही तक्रार नसलेल्या १,२११ लोकांचे एमआरआय काढले, आणि त्यातल्या ८७.६ टक्के लोकांच्या मानेत गादी फुगलेली सापडली. अगदी विशीतल्या पुरुषांमध्येसुद्धा ७३.३ टक्के, आणि त्याच वयाच्या स्त्रियांमध्ये ७८ टक्के. जिमचे ट्रेनर, काही फिजिओ, रील बनवणारी मंडळी हा आकडा एकाच कामासाठी वापरतात: एमआरआयमध्ये काय दिसायचं ते दिसू दे, तू वजन उचल.

समोर दुसरी टोळी आहे. तिच्या मते जिममध्ये मान दुखावली की विषय संपला. वजन कायमचं बंद, मऊ उशी, मानेला पट्टा. गंमत अशी की ही मंडळीसुद्धा 'संशोधन सांगतं' असंच म्हणतात. दोन्हीकडून ज्यांचा हवाला दिला जातो ते निबंध मी गेले दोन आठवडे मुळातून वाचले. माझं मत आधीच सांगून टाकते: निबंध बरे आहेत, हवाले वाईट आहेत. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याच प्रश्नाला चिकटवलंय.

निमित्त झालं एका वाचकाच्या मेलचं. मुलगा २३ वर्षांचा, सातारा जिल्ह्यातला, पोलीस भरतीची तयारी करतोय. डंबेल घेऊन श्रग मारताना (म्हणजे खांदे कानाकडे उचलताना) शेवटच्या दोन रेप्सना त्याने हनुवटी पुढे काढली आणि मानेत उजवीकडे चमक भरली. तीन दिवस मान वळेना. पाठीच्या फऱ्यात दुखत राहिलं. मग एमआरआय. रिपोर्टमध्ये लिहिलंय की सी५-सी६ पातळीवर 'डिस्क बल्ज' आहे आणि थीकल सॅकवर किंचित दाब आहे. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला आणि सांगितलं, जिम बंद, गोळा बंद, परत वजन उचललंस तर ऑपरेशनच. हाताची ताकद तपासली का, असं मी उलट विचारलं. नाही तपासली. मैदानी चाचणीत ५० पैकी १५ गुण गोळाफेकीचे असतात आणि पुरुषांचा गोळा ७.२६ किलोचा. 'ताई, काका म्हणतायत भरतीचा नाद सोड. खरंच सोडू का?' असं त्याने शेवटी विचारलंय.

नेहमीची सूचना: मी ज्या डॉक्टरकीच्या मागे आहे ती औषधं लिहून देणारी नाही. माझा विषय साथरोगशास्त्र. कुणाला काय झालंय हे मी सांगू शकत नाही. पण 'अमुक अभ्यासात असं आढळलं, म्हणून तू असं कर' या वाक्यातला 'म्हणून' टिकतो की नाही, एवढं तपासणं हा माझा धंदा आहे.

आधी शब्दांचं बघू. दोन मणक्यांमधली चकती म्हणजे आपण जिला गादी म्हणतो ती. 'गादी सरकली' हा आपला लाडका शब्दप्रयोग, पण ती साबणाच्या वडीसारखी सरकत नाही. वरच्या आणि खालच्या मणक्याला ती घट्ट चिकटलेली असते. तिची कड सगळीकडून थोडी बाहेर डोकावली तर फुगवटा, म्हणजे रिपोर्टमधला 'बल्ज'. एका जागी आवरण फाटून आतला गर बाहेर आला तर 'हर्निएशन'. हा गर शेजारच्या नसेच्या मुळाला लागला तर हातात कळ जाते, मुंग्या येतात, कधी ताकद कमी होते. थीकल सॅक म्हणजे मज्जारज्जूभोवतीची पाण्याने भरलेली पिशवी. पिशवीला खळगा पडणं आणि आतला मज्जारज्जू दाबला जाणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. हा फरक या मुलाला कुणीच सांगितला नव्हता, आणि त्याची अर्धी झोप तिथेच उडाली होती.

आता ८७.६ कडे. याच प्रकारचा एक जुना अभ्यास आहे, बोडेन आणि सहकाऱ्यांचा, १९९० सालचा, अमेरिकेतला. त्रास नसलेली ६३ माणसं. त्यांच्यापैकी १९ टक्क्यांच्या मानेत दोष दिसला; चाळिशीच्या आतल्यांमध्ये १४ टक्के, वरच्यांमध्ये २८. आता सांगा, निरोगी माणसांच्या मानेत दोष सापडण्याचं प्रमाण १९ टक्के की ८७? दोन्ही बरोबर असू शकतात. २५ वर्षांत मशीन बदलली, आणि मुख्य म्हणजे कशाला 'दोष' म्हणायचं ती रेषा दोघांनी वेगवेगळ्या जागी ओढली. फुगवटा ही काही गरोदरपणासारखी हो-नाही अवस्था नाही. पट्टी कुठे ठेवायची ते माणूस ठरवतो, आणि पट्टी खाली आणली की टक्का वर जातो. म्हणून ८७.६ हा आकडा निसर्गनियमासारखा फेकणाऱ्यांवर माझा पहिला आक्षेप आहे.

दुसरा आक्षेप जास्त महत्त्वाचा. त्रास नसलेल्यांमध्ये फुगवटा सर्रास सापडतो यावरून फुगवटा निरुपद्रवी आहे असं सिद्ध होत नाही. सिद्ध एवढंच होतं की नुसता फुगवटा दिसण्याने माहितीत फारशी भर पडत नाही. विशीतल्या शंभर ठणठणीत पोरांपैकी ७३ जणांकडे तो आहे. समजा, मान दुखणाऱ्या शंभर पोरांपैकी ८० जणांकडे निघाला. मग तुझ्याकडे तो सापडला यावरून तू कुठल्या शंभरातला हे ओळखता येईल का? जवळजवळ नाहीच. पण रिपोर्टमध्ये 'सी६-सी७ पातळीवर डावीकडे गर बाहेर, सी७ नसेच्या मुळाला स्पर्श' असं असेल, आणि त्याच माणसाचं डावं मधलं बोट बधिर असेल, डाव्या हाताने जोर लावून दार ढकलता येत नसेल, तर चित्र पालटतं. तिथे रिपोर्ट आणि हात एकच गोष्ट सांगतायत. मानेत सी५-सी६ मधली गादी साधारणपणे सी६ च्या मुळाला त्रास देते, आणि ते जाणवतं अंगठ्याच्या बाजूला. म्हणजे एमआरआयचा कागद खरा बोलतो तो हात तपासल्यावर. हात न तपासता वाचलेला रिपोर्ट हा अर्धाच पुरावा आहे, आणि त्यावर कुणाची भरती थांबवणं मला पटत नाही.

आणि त्याच जपानी निबंधात आणखी एक आकडा आहे, जो रीलवाले कधी सांगत नाहीत. त्या १,२११ पैकी ६४ जणांचा, म्हणजे ५.३ टक्क्यांचा मज्जारज्जूच दाबला गेलेला दिसला, तोही काही तक्रार नसताना. 'सगळ्यांनाच असतं, सोड' हे वाक्य या ६४ जणांना कुणी ऐकवू नये.

आता उलट्या बाजूकडे: जिममुळेच झालं, म्हणून जिम बंद. इथे हवाला दिला जातो तो बहुधा अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचा. केर आणि सहकारी, २०१०. १९९० ते २००७ या अठरा वर्षांत वजनं उचलताना इजा होऊन तिथल्या आपत्कालीन विभागांत आलेल्या रुग्णांचा अंदाज त्यांनी काढला: ९,७०,८०१. आकडा ऐकून छाती दडपते. पण छेद कुठाय? किती लोक, किती तास वजन उचलत होते? आपत्कालीन विभागाच्या नोंदवहीत इजा झालेलेच येतात, घरी सुखरूप गेलेले येत नाहीत. आणि निबंधाच्या आत शिरलं की कळतं, या इजांमध्ये सगळ्यात मोठा वाटा, ६५.५ टक्के, वजन अंगावर पडण्याचा होता. पायावर प्लेट पडणं आणि मानेची गादी फाटणं यांना एका टोपलीत घालून 'जिम धोकादायक' म्हणायचं असेल तर मग स्वयंपाकघरही धोकादायक आहे.

छेद घेऊन मोजणारे लोकही आहेत. किओ आणि विनवुड यांनी २०१७ साली वजनाच्या खेळांतल्या इजांचा आढावा घेतला. शरीरसौष्ठवात दर हजार तासांमागे साधारण पाव ते एक इजा असं प्रमाण त्यांना मिळालं. आणि वारंवार दुखावणाऱ्या जागा होत्या खांदा, कंबर, गुडघा, कोपर, मनगट. त्या यादीत वर मान नाही.

आता नेमका प्रश्न विचारू या. हाताकडे जाणारी नस मानेत दबते, त्या दुखण्यात वजन उचलण्याचा हात किती? याला सगळ्यात जवळ जाणारा अभ्यास राधाकृष्णन आणि सहकाऱ्यांचा आहे, १९९४ चा, 'ब्रेन' नियतकालिकातला. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात रोचेस्टर नावाचं गाव आहे, तिथल्या सगळ्या रहिवाशांचे वैद्यकीय कागद एकत्र सापडतात. १९७६ ते १९९० मधले ५६१ रुग्ण. वर्षाला लाखात ८३ जणांना हे दुखणं होतं असं निघालं. आणि आधी जोराचं श्रम किंवा इजा झाल्याची नोंद होती फक्त १४.८ टक्क्यांकडे. उरलेल्यांकडे असं काही कारण नोंदलेलंच नव्हतं.

हा आकडा मला आवडतो, म्हणून त्यावर जास्त शंका घेते. एक तर ती सरासरी ४८ वर्षांची माणसं होती. आपला मुलगा २३ चा. दुसरं, 'काय करताना झालं?' असं विचारलं की माणूस काहीतरी आठवतोच. मान सकाळी आखडलेली असेल पण चमक जिममध्ये आली, तर दोष डंबेलला. आपण कारणाच्या शोधात असतो तेव्हा सगळ्यात जड वस्तूवर संशय घेतो. तिसरं, याच निबंधातलं एक वाक्य फार फिरवलं जातं: शेवटच्या भेटीपर्यंत ९० टक्के लोकांना त्रास नव्हता किंवा किरकोळ होता. बरोबर आहे. पण त्या सगळ्यांपैकी २६ टक्क्यांचं ऑपरेशन झालेलं होतं. '९० टक्के आपोआप बरे होतात' असं जे सांगतात त्यांनी हे २६ टक्के गुपचूप खिशात घातलेत.

(एक विषयांतर, पण राहवत नाही. वजनाने मान दुखावते का, हा प्रश्न आपण जिमच्या संदर्भात इतक्या हिरिरीने विचारतो. महाराष्ट्रात १९६९ पासून ज्यांच्यासाठी स्वतंत्र कायदा आहे त्या कामगारांचं नावच माथ्यावरून पडलंय: माथाडी. डोक्यावर आणि पाठीवर पोती वाहणाऱ्यांची मान ही हौसेची नाही. डोक्यावर ओझी वाहणाऱ्यांच्या मानेच्या मणक्यांचा अभ्यास १९९० च्या दशकात सिएरा लिओनमध्ये झाला, आणि तिथे ओझी वाहणाऱ्यांत मणक्यांची झीज न वाहणाऱ्यांपेक्षा जास्त आढळली. वर्षानुवर्षं रोज डोक्यावर ओझं, आणि आठवड्यातून तीनदा खांदे उचलणं. 'वजन' हा शब्द सारखा आहे, बाकी काही नाही.)

मोबाईलवाला २७ किलोचा आकडाही इथेच निकालात काढते. मान ६० अंश वाकवली की तिच्यावर ६० पौंड, म्हणजे सुमारे २७ किलो भार येतो, हे २०१४ चं हंसराज यांचं गणित. संगणकावरचं मॉडेल होतं ते. त्यात एकही रुग्ण नाही, कुणाचं दुखणं मोजलेलं नाही. भार म्हणजे इजा नव्हे. पुढे चला.

मग उपचारांचं संशोधन काय म्हणतं? वजनाच्या बाजूने ज्याचा झेंडा मिरवला जातो तो फिनलंडमधला प्रयोग, यिलिनेन आणि सहकारी, २००३. जुनाट मानदुखी असलेल्या १८० स्त्रिया, सगळ्या ऑफिसात काम करणाऱ्या. एका गटाने रबरी पट्टा लावून मानेचे जोरदार व्यायाम केले, जोडीला डंबेल. दुसऱ्याने हलके, दम वाढवणारे. तिसऱ्याला चालण्या-ताणण्याचा सल्ला. वर्षाने बराच किंवा पूर्ण आराम पडल्याचं सांगणाऱ्यांचं प्रमाण अनुक्रमे ७३, ५९ आणि २१ टक्के. म्हणजे ज्याला घाबरून आपण पळतो तेच वजन तिथे औषध होतं. डेन्मार्कमध्ये अँडरसन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये तर रबरी नळी घेऊन रोज दोन मिनिटांचा व्यायामही दहा आठवड्यांत उपयोगी पडतो असं दाखवलं.

प्रयोग चांगला आहे, यात वाद नाही. पण फिनलंडमधल्या व्यायाम करणाऱ्या दोन्ही गटांना सुरुवातीला बारा दिवस पुनर्वसन केंद्रात ठेवून शिकवलं होतं. तिसऱ्या गटाला तेवढा सहवास मिळाला नाही. २१ आणि ७३ मधला सगळा फरक रबरी पट्ट्याचा नाही, थोडा त्या बारा दिवसांचाही असणार. शिवाय या बायकांची मान महिनोन्महिने दुखत होती. कालपरवा चमक भरलेल्या मानेवर दुसऱ्या दिवशी वजन टाकावं, असं या प्रयोगातून निघत नाही. 'यिलिनेन वाच आणि उद्यापासून सुरू कर' असं सांगणारा ट्रेनर हा निबंध शीर्षकापुरताच वाचलेला असतो.

ताज्या दुखण्याबद्दलचा निबंध वेगळा आहे, आणि तो दोन्ही टोळ्यांना अडचणीचा आहे. नेदरलँड्स, कुइपर आणि सहकारी, २००९, 'बीएमजे'. मानेतून हातात जाणारी कळ सुरू होऊन महिनाही न झालेले २०५ रुग्ण. काहींना तीन आठवडे मानेचा पट्टा आणि विश्रांती, काहींना सहा आठवडे फिजिओथेरपी, बाकीच्यांना फक्त 'वाट बघा'. पहिल्या सहा आठवड्यांत पट्टावाले आणि फिजिओवाले दोघांचीही हाताची कळ वाट बघणाऱ्यांपेक्षा लवकर कमी झाली. सहा महिन्यांनी तिन्ही गटांत फरक उरला नाही. म्हणजे 'पट्टा लावला की स्नायू मरतात' ही ट्रेनरची धमकी खोटी, कारण हातात कळ जात असेल तर थोडे दिवस पट्टा चालतो. आणि 'आयुष्यभर पट्टा' हेही खोटं, कारण तो होता तीन आठवड्यांचा आणि नंतर तो हळूहळू काढायचा होता.

या सगळ्या गर्दीत २३ वर्षांचा, वजनं मारणारा, हातात कळ नसलेला मुलगा मात्र एकाही निबंधात नाही. जपानी निबंधात त्याचं वय आहे पण दुखणं नाही. रोचेस्टरमध्ये दुखणं आहे, वय नाही. फिनलंडमध्ये व्यायाम आहे, पण माणसं वेगळी. त्याला मी हेच लिहिलं, आणि सोबत एवढं: आधी असा डॉक्टर गाठ जो दोन्ही हातांची ताकद, संवेदना आणि हातोडीने झटके तपासेल. ताकद घटलेली नसेल, हातात काही उतरत नसेल, तर 'कायमचं बंद' म्हणायला यातल्या कुठल्याही निबंधाचा आधार नाही. मान सहज फिरायला लागली की हलक्या वजनापासून, फिजिओच्या नजरेखाली, दर आठवड्याला थोडं वाढवत जाणं, हे जास्त समर्थनीय आहे. घाई मात्र नको, भरतीची तारीख मानेला कळत नाही.

गोळ्याबद्दल मात्र एक सांगायलाच हवं. मानेची नस दबते का हे बघायला डॉक्टर एक जुनी चाचणी करतात, स्पर्लिंगची, १९४४ पासूनची: मान मागे आणि दुखऱ्या बाजूला कलती करून डोक्यावर हलका दाब द्यायचा. कळ हातात उतरली तर नसेवर संशय बळावतो. नाही उतरली म्हणून नस सुटली असं मात्र नाही. आता गोळा फेकणाऱ्याची ठेवण आठवा. गोळा जबड्याखाली मानेला टेकवलेला आणि मान त्याच बाजूला कललेली. उजव्या हाताने फेकणाऱ्याची उजवी बाजूच दुखत असेल तर ही ठेवण त्या चाचणीच्या बरीच जवळ जाते. हा माझा तर्क आहे, कुठल्या निबंधातला नाही. पण बाकीचे व्यायाम आधी आणि गोळा सगळ्यात शेवटी सुरू करावा, असं मी त्याला सुचवलं ते यावरून. फिजिओला ही ठेवण करून दाखव असंही सांगितलं, कारण गोळा कसा धरतात हे प्रत्येक फिजिओला ठाऊक असेलच असं नाही.

काही लक्षणं अशी आहेत जिथे निबंध वाचत बसायचंच नाही. शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळणं, चालताना तोल जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं, हाताची ताकद दिवसेंदिवस घटणं. किंवा वजन उचलल्यावर एका बाजूला पूर्वी कधी नव्हतं असं मान आणि डोकं दुखणं, सोबत पापणी उतरणं, बोलणं अडखळणं, दोन-दोन दिसणं, गरगरणं. मानेतल्या धमनीला आतून चीर पडते तेव्हा असं होतं. दुर्मिळ आहे, पण त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. आणि मान आखडलेली असताना सलूनमध्ये केस कापून झाल्यावर 'कटकन' मोडून घेण्याची जी आपल्याकडची सवय आहे, ती कृपया नको.

राहता राहिला रिपोर्ट. वाचताना वाटतं, उपाय सोपा आहे: रिपोर्टमध्येच एक ओळ छापा की या वयात, काही त्रास नसलेल्या इतक्या टक्के लोकांमध्येही हे दिसतं. माणूस घाबरणार नाही, डॉक्टरही सबुरीने घेतील. अमेरिकेत कंबरेच्या रिपोर्टांवर हे करून पाहिलं. जार्विक आणि सहकारी, २०२०, जवळपास २ लाख ४० हजार रुग्ण. त्या जादा ओळीने पाठीवरच्या पुढच्या तपासण्या आणि उपचार कमी झाले नाहीत. अफूजन्य वेदनाशामकं लिहून देण्याचं प्रमाण किंचित उतरलं, एवढंच. मला हे वाचून वाईट वाटलं, कारण ही कल्पना मीसुद्धा सेमिनारमध्ये मांडणार होते. फक्त एक गोष्ट ध्यानात घ्यायची. त्या प्रयोगात ती ओळ लिहिली होती ती रिपोर्ट मागवणाऱ्या डॉक्टरसाठी. आपल्याकडे रिपोर्ट मोठ्या पाकिटात घालून थेट रुग्णाच्या हातात देतात, आणि डॉक्टरकडे पोचायच्या आधी तो घरातल्या चार जणांनी आणि गूगलने वाचलेला असतो.